पिकअपवर पॉप-अप कॅम्पर बसवून लांब जायचंय? सुरुवात वजनापासून करा

अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींच्या डोक्यात हा विचार एकदा तरी येतोच, की एक पिकअप घ्यावी, मागे कॅम्पर टाकावा आणि महिनाभर कुठेतरी लांब निघून जावं, हॉटेल नको, बुकिंग नको, संध्याकाळी जिथे बरं वाटेल तिथे थांबायचं. पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, बसणारी छोटी खोली, गाडी चालवताना तिचं छप्पर खाली बसलेलं असतं आणि थांबलं की ते वर उचलायचं, मधल्या भिंती कापडाच्या. छप्पर खाली असल्यामुळे वारा कमी अडतो, पेट्रोल कमी लागतं, वजन खालच्या बाजूला राहतं आणि खराब रस्त्यावर गाडी कमी डुलते. तोटे दोन, थंडी आणि अस्वल. दोन्हींवर पुढे लिहिलंय.

मी एक ठराविक रस्ता समोर ठेवून लिहितोय, कॅनडातला डेम्पस्टर हायवे. युकॉनमधल्या डॉसन सिटीजवळून तो निघतो आणि इनुविकपर्यंत साधारण ७४० किमी जातो, जवळपास सगळा खडीचा, आणि २०१७ मध्ये तिथून पुढे टुकटोयाकटुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत रस्ता उघडला. या रस्त्याला पुरेल अशी गाडी तयार केलीत की नेवाडातला हायवे ५० किंवा युटाचं वाळवंट तुम्हाला जड जाणार नाही.

आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा

कॅम्पर कुठला, सोलर किती, फ्रिज कुठला हे सगळं नंतर. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर टायरच्या माहितीचा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. तो तुमच्या गाडीचा पेलोड, आणि तो त्याच एका गाडीचा असतो. जाहिरातीतला आकडा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो, तुमच्या गाडीत मोठी केबिन, सनरूफ, डिझेल इंजिन असेल तर पेलोड तेवढा कमी झालेला असतो. टाकीतलं पेट्रोल त्यात आधीच धरलंय, पण ड्रायव्हरचं वजन तुम्हालाच मोजायचंय, आणि नंतर लावलेला बंपर, विंच, साइड स्टेप हेही त्यातूनच वजा होतात.

आता हिशोब करून बघू. समजा हाफ-टन पिकअप (एफ-१५० वर्गातली, हाफ-टन हे फक्त वर्गाचं नाव) आहे आणि स्टिकरवर १,८०० पाउंड आहेत. कॅम्पर फ्रिज, हीटर, ऑनिंग (बाहेर ओढायचं सावलीचं कापड) सगळं धरून १,१५०. दोन माणसं ३२०. वीस गॅलन पाणी १६७, कारण एक गॅलन पाणी ८.३ पाउंडाचं असतं. गॅसचे दोन छोटे सिलिंडर ४५. दोन लिथियम बॅटऱ्या ५०. खाणंपिणं आणि भांडी १२०. हत्यारं, जादा टायर, कंप्रेसर, फावडं १३०. कपडे-अंथरूण ८०. पेट्रोलचा एक कॅन ३५. बेरीज झाली २,०९७, म्हणजे जवळपास ३०० पाउंड जास्त, आणि यात एकही चैनीची वस्तू नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण सोयींचा कॅम्पर हवा असेल तर पाऊण-टन गाडी घ्या, फोर्ड एफ-२५० किंवा शेव्ही-रॅमच्या २५०० वर्गातली, ज्यात पेट्रोल इंजिनाला बऱ्याचदा ३,००० पाउंडांच्या आसपास पेलोड मिळतो. गाडी आधीच घरी असेल आणि ती टोयोटा टकोमा किंवा हाफ-टन असेल तर कॅम्परचं नुसतं शेल घ्या, म्हणजे छप्पर, पलंग आणि रिकामी आतली जागा, आणि बाकीचं हलकं सामान स्वतः बसवा. मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवेच्या पिशव्या) लावल्या किंवा स्प्रिंगला एक पान वाढवलं की पेलोड वाढतो असं खूप लोक सांगतात, तसं होत नाही. गाडीची मागची बाजू वर येते, चालवायला बरं वाटतं, पण ॲक्सल, ब्रेक, चाकं तीच असतात आणि स्टिकरही तोच.

सगळं भरून झालं की हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो तिथे वजन करा, पाणी भरलेलं, टाकी फुल, दोघं गाडीत बसलेले. दहा-पंधरा डॉलर लागतात आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वेगळं वजन कागदावर मिळतं. दाराजवळच्या दुसऱ्या लेबलवर दोन्ही ॲक्सलच्या मर्यादा असतात, त्याच्याशी ते ताडून बघा, कारण एकूण वजन बसतं पण मागचा ॲक्सल ओव्हर होतो असं कॅम्परमध्ये पुष्कळदा होतं.

बेडमध्ये बसवणं आणि टायर

कॅम्पर बेडमध्ये नुसता ठेवायचा नसतो, चार कोपऱ्यांना टर्नबकलने (फिरवून ताण देणाऱ्या हूकने) आवळायचा असतो. जे आयबोल्ट (गोल कडीचे बोल्ट) बेडला लावतात त्यांच्याखाली मोठी स्टीलची पट्टी हवी. २०१५ नंतरच्या एफ-१५० चा बेड ॲल्युमिनियमचा आहे आणि टकोमाचा कॉम्पोझिट, दोन्हीत नुसता वॉशर टाकून भागत नाही, खडीवर हादरे बसून बसून भोक मोठं होतं. कॅम्परखाली जाड रबरी मॅट टाका म्हणजे तो सरकत नाही. बसवल्यावर पहिल्या ५०-१०० मैलांत थांबून टर्नबकल परत आवळायचे, ते सैल झालेले असतातच. मग खडीच्या रस्त्यावर रोज सकाळी एकदा हात लावून बघायचं. अजून एक, कॅम्परचा वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे पडायला हवा, म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, डबाबंद सामान असं जड ते पुढे आणि खाली, हलकं ते मागे आणि वर.

टायर लोड रेंज ई चे, म्हणजे जास्त वजन पेलणारे, घ्या. अर्धा-टन गाडीसोबत शोरूममधून येतात ते मऊ टायर या वजनाला आणि डेम्पस्टरवरच्या धारदार शेल दगडाला टिकत नाहीत. बाकी टायर बदलले पण स्पेअर जुन्या साइजचाच राहिला असं करू नका, पाचही टायर एकाच साइजचे हवेत, आणि डेम्पस्टरला जाताना सहावाही असावा असं माझं म्हणणं आहे, निदान नुसता टायर रिमशिवाय. खडीवर हवा पाव भाग कमी करा आणि वेग ताशी ६०-७० किमीच्या वर नेऊ नका, टायर दगडावर दबतो आणि सहज कापला जात नाही, शिवाय आतली कपाटं, स्क्रू, फ्रिजची दारं सगळ्यांना आराम मिळतो. मग डांबरी रस्ता आला की हवा परत भरायची, म्हणून बॅटरीला थेट लागणारा चांगला कंप्रेसर हवाच, लायटरच्या सॉकेटवर चालणारा इतक्या मोठ्या टायरला पुरा पडत नाही.

वीज: सोलरपेक्षा वायरवर पैसे घाला

दोन माणसांना दिवसाला किती लागते? कंप्रेसरवर चालणारा १२ व्होल्टचा फ्रिज ३५-४० अँपिअर-अवर, हीटरचा पंखा थंड रात्री १५, छतावरचा पंखा १०, फोन-लॅपटॉप १५, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ४-५. म्हणजे ८०-८५ च्या घरात. १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या असल्या की ऊन नसतानाही दोन दिवस निभावतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते आणि वजन दुपटीहून जास्त, त्यामुळे जिथे पाउंड-पाउंड मोजतोय तिथे लिथियमच परवडते. फक्त शून्य सेल्सिअसच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही, ती बॅटरी खराब होते, म्हणून थंडीत आपोआप चार्जिंग तोडणारी बॅटरी घ्या आणि ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत, हीटरची ऊब पोचेल तिथे ठेवा.

आता चार्जिंग. लोक छतावर ४०० वॅटचे पॅनल लावतात, पण पॉप-अपचं छप्पर दर संध्याकाळी तुम्हालाच उचलायचंय आणि तिथे वाढलेलं वजन तुमच्या खांद्यावर येतं. लांबच्या प्रवासात आपण बहुतेक दिवस दोन-तीन तास तरी गाडी चालवतो. ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (इंजिन चालू असताना गाडीच्या अल्टरनेटरच्या विजेवर कॅम्परची बॅटरी भरणारा) असेल तर तीन तासांत ९० अँपिअर-अवर परत येतात, म्हणजे सगळा दिवस भरून निघतो, ढग असोत की पाऊस. २०० वॅटचं सपाट पॅनल उन्हाळ्याच्या चांगल्या दिवशी ५०-६० देतं, झाडाखाली गाडी लावली तर फारच थोडं. म्हणून २०० वॅट पुरे, ते एका जागी दोन-तीन दिवस मुक्काम केला तर उपयोगी पडतं, रोजची भिस्त मात्र अल्टरनेटरवर ठेवा.

आणि इथेच वायरचा मुद्दा येतो. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून कॅम्परपर्यंत एका बाजूने साधारण २५ फूट वायर लागते, जाऊन-येऊन ५०. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. १० गेजची वायर टाकली आणि ३० अँपिअर ओढले तर दीड व्होल्ट वाटेतच जातो. ४ गेजची टाकली तर ०.४ च्या आत. चार्जर व्होल्टेज वाढवून घेतो हे खरं, पण त्यासाठी तो आणखी करंट ओढतो आणि वायर तापते. ट्रेलरच्या सात पिनच्या प्लगमधून चार्जिंग घ्यायचा सल्ला देतात तोही याच कारणाने निकामी, ती वायर बारीक असते. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही वायरी ओढा, निगेटिव्हसाठी चॅसीवर विसंबू नका, आणि फ्यूज दोन्ही टोकांना लावा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि मध्ये कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून आग लागू शकते. चॅसीच्या कडेने जाते तिथे वायरीला नळी घाला, दर फूटभरावर बांधा. हे काम घाईत करू नका, पूर्ण वीकेंड त्याला द्या.

पाणी

स्वावलंबी म्हणजे खूप पाणी वाहून नेणं असं नाही, कमी पाण्यात राहता येणं. दोन माणसांना प्यायला, स्वयंपाकाला आणि भांड्यांना मिळून दिवसाला १० लिटर पुरतात, वीस गॅलन म्हणजे ७६ लिटर, म्हणजे आठवडा. भांडी आधी कागदाने कोरडी पुसायची, मग स्प्रे बाटलीने धुवायची, सगळी बचत यातच आहे. सगळं पाणी एका टाकीत ठेवू नका, टाकी आणि वेगळा एक कॅन असा विभागा, टाकीला गळती लागली किंवा कुठल्या नळाचं पाणी खराब निघालं तर दुसरं शाबूत राहतं.

निघण्याआधी टाकी ब्लीचने धुवा, १५ गॅलनला पाव कप साधं, वास नसलेलं ब्लीच, काही तास ठेवून नळातून सोडून द्या, मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने. भरायची नळी प्यायच्या पाण्याचीच आणि ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. ओढ्याचं पाणी घ्यायचं झालं तर पोकळ तंतूंचा फिल्टर उत्तम, पण तो एकदा गोठला की संपला, बाहेरून काहीच दिसत नाही पण आतले तंतू फुटलेले असतात, म्हणून थंड रात्री तो पिशवीत घालून पायाशी घेऊन झोपायचं.

गॅस, ऊब आणि आतला दमटपणा

१० पाउंडाच्या सिलिंडरमध्ये साधारण २,१५,००० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात. नुसता स्वयंपाक केला तर एक सिलिंडर महिना सहज जातो. पण १६,००० बीटीयूचा हीटर थंड रात्री नऊ तासांपैकी एक तृतीयांश वेळ चालला तर रात्रीला ४८,००० जातात, म्हणजे चार-साडेचार रात्रीत सिलिंडर खलास. गॅसचा हिशोब हीटरचाच असतो, स्वयंपाकाचा नाही. हीटर कमी चालावा म्हणून कापडी भिंतींना आतून लावायचं इन्सुलेशनचं अस्तर घ्या आणि पांघरूण चांगलं जाड ठेवा.

गॅसच्या शेगडीवर खोली गरम करायची नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. त्याचा अलार्म आणि गॅसगळतीचा अलार्म दोन्ही हवेत, गॅसचा खाली जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. जुना कॅम्पर घेतलात तर अलार्मच्या मागे छापलेली मुदत बघा, सहसा पाच-सात वर्षांत ते बदलावे लागतात. सिलिंडरची पेटी बाहेर उघडणारी आणि तळाला हवेचं भोक असलेलीच असावी.

दोन माणसं झोपली की श्वासाची वाफ कापडावर आणि गादीखाली जमते. छतावरची खिडकी दोन बोटं आणि खालची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीची मॅट टाका, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी. पावसात ओलं कापड मिटून निघावं लागलं तर त्याच दिवशी दुपारी कुठेतरी थांबून छप्पर उघडा आणि वाळवा. बर्फ पडला असेल तर छतावरून झाडून मगच खाली घ्या.

कुकर, फोडणी आणि अस्वल

माझ्या मते कॅम्परमध्ये सगळ्यात उपयोगी भांडं म्हणजे आपला तीन लिटरचा कुकर. कोलोरॅडोच्या उंच खिंडीत, १०,००० फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, कुकरमध्ये नेहमीसारखी होते आणि गॅस निम्मा लागतो. निघताना डाळ भिजत घाला, संध्याकाळी थांबेपर्यंत ती तयार. घरून भाजलेला रवा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, वाळवलेली आमसुलं, गोडा मसाला एवढं नेलं की फ्रिज छोटा चालतो, आणि फ्रिज छोटा तर वीज कमी.

पण फोडणीचा वास लांब जातो आणि आपल्या भिंती कापडाच्या आहेत. अस्वलांच्या भागात दुपारी उशिरा कुठेतरी थांबून बाहेर स्वयंपाक करा, जेवा, भांडी आवरा आणि मग तास-अर्धा तास पुढे जाऊन दुसरीकडे झोपा. खाणं, कचरा, टूथपेस्ट सगळं रात्री पुढच्या केबिनमध्ये, काचा बंद, दारं लॉक. मुक्कामाच्या जागा ठरवतानाही हे बघावं लागतं, यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला कापडी भिंतींच्या गाड्यांना परवानगी नाही, बॅन्फमध्ये लेक लुईसला मऊ भिंतींच्या कॅम्पिंगसाठी विजेच्या कुंपणाची वेगळी जागा आहे.

पेट्रोल, फसणं, संपर्क

डॉसनपासून डेम्पस्टरचा फाटा ४० किमी आणि फाट्यापासून ईगल प्लेन्सचा पंप ३६९ किमी, म्हणजे ४१० किमी एका टाकीत. भरलेली गाडी लिटरला ६ किमी देते असं धरलं तर ७० लिटरच्या आत. अलास्कात डाल्टन हायवेवर कोल्डफूट ते डेडहॉर्स २४० मैल, तोही हिशोब जवळपास एवढाच. म्हणून चांगल्या टाकीच्या गाडीला पाच गॅलनचा एकच कॅन पुरतो, चार-चार कॅन टांगून फिरू नका. कॅन राहायच्या जागेत कधीच ठेवायचा नाही.

फावडं, फसलेल्या चाकाखाली टाकायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड, ताणणारी रिकव्हरी दोरी आणि चॅसीला पक्के बसवलेले हूक, एवढं हवंच. दोरी ट्रेलरच्या टो बॉलला कुणीही अडकवू नये, तो तुटला की गोळीसारखा सुटतो आणि माणसं मेली आहेत. फोनला सिग्नल नसणारच, सॅटेलाइट मेसेंजर घ्या, नकाशे आधी डाउनलोड करा. स्टारलिंक मिनी घेणार असाल तर चार तासांना १२ अँपिअर-अवर धरा.

टॉयलेटची सोय ठरवून निघा, छोटं पोर्टेबल किंवा पिशव्यांचं. मोकळ्या जमिनीवर खड्डा ६-८ इंच, पाण्यापासून २०० फूट लांब. बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, केंद्र सरकारचं जमीन खातं) मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस एका भागात राहता येतं, मग हलायचं.

निघण्याआधी आणि सीमेवर

मोठ्या प्रवासाआधी घरापासून शंभरेक मैलांत एक वीकेंड काढा, सगळं सामान भरून, खडीचा रस्ता शोधून. परत आल्यावर ज्या वस्तूला हात लागला नाही ती काढून टाका, औषधं, हत्यारं आणि सुरक्षेचं सामान सोडून. विम्याचं आधीच विचारून घ्या, गाडीच्या पॉलिसीत कॅम्पर आपोआप धरलेला असतोच असं नाही.

भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाला व्हिसा लागत नाही, पण दोन्ही मूळ कागद जवळ हवेत. एच-वनवर असाल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधीच काढावा लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून प्रवासाची तारीख त्यानंतरच ठरवा. बेअर स्प्रे चालतो, त्यावर प्राण्यांसाठी असं लिहिलेलं हवं, माणसांसाठीचा पेपर स्प्रे चालत नाही. खाण्याचं सगळं सांगून टाका. ताजा कढीपत्ता परत येताना अमेरिकेत आत येऊ देत नाहीत, त्यावर लिंबू-संत्र्याच्या झाडांची कीड येते.

डेम्पस्टरवर उन्हाळ्यात पील आणि मॅकेन्झी नद्या फेरीने ओलांडायच्या असतात, हिवाळ्यात बर्फावरून, आणि नद्या गोठताना-वितळताना मधले काही आठवडे रस्ता तुटतो. तेव्हा निघायच्या सकाळी डॉसनमध्ये रस्त्याची स्थिती विचारा. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात, पावसात त्याचा निसरडा चिखल होतो आणि तो वायरी, ब्रेक, टर्नबकल सगळ्यावर चिकटून गंज आणतो. इनुविकला पोचल्यावर आणि परत डॉसनला आल्यावर गाडी खालून जोरदार पाण्याने धुवा, प्लग आणि वायरींचे जोड उघडून पुसा, चाकांचे नट आणि चारही टर्नबकल परत आवळा, मगच पुढचा रस्ता धरा.